रेघेच्या आत : प्रौढ रंगभरण प्रवेशिका

प्रवेशपात्रता

ज्यांना चित्रं काढता येतात त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. ही प्रवेशिका बाकीच्यांसाठी आहे. म्हणजे शाळेच्या चित्रकलेच्या वहीत ज्यांच्या प्रत्येक निसर्गचित्रात दोन डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, एक झोपडी, झोपडीपेक्षा रुंद नदी आणि मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी असायचे, त्यांच्यासाठी. विषय 'आमची शाळा' असला तरी शाळेमागे डोंगर आणि सूर्य असायचेच. आमची शाळा डोंबिवलीत होती.

महाराष्ट्रातल्या शाळांतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन सरकारी ग्रेड परीक्षा होतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, असा सगळा थाट असतो. त्यातलं स्मरणचित्र म्हणजे समोर कोरा कागद आणि वर छापलेले दोन-तीन विषय. पुढचं तुम्ही आणि तुमची स्मरणशक्ती. मी 'जत्रा' निवडली. आधी आकाशपाळणा काढायला घेतला. तो इतका मोठा झाला की जत्रेत माणसांना शिरायला जागाच उरली नाही. राहिलेल्या दोन इंचांत सहा माणसं उभी केली, सगळी पाठमोरी, कारण चेहरे मला येत नव्हते. सगळे पाळण्याकडे बघतायत असा अर्थ परीक्षक लावून घेतील, ही आशा. सी ग्रेड मिळाली, आणि तीही त्यांनी मोठ्या मनाने दिली असं मला आजही वाटतं. त्यानंतर ३८ वर्षं मी रंगाच्या पेटीला हात लावला नाही.

सी ग्रेडवाल्यांना या वर्गात थेट प्रवेश आहे. ए ग्रेडवाल्यांनी प्रमाणपत्र घरी ठेवून यावं आणि मागच्या बाकावर बसावं.

इथे कोरा कागद कुणी पुढ्यात टाकत नाही. जे आपल्याला कधी जमलं नाही, ते सगळं दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. माझ्या बाबतीत ते काम जोहाना बॅसफर्ड नावाच्या स्कॉटिश चित्रकर्तीने केलं. लंडनच्या प्रकाशकाने तिला मुलांसाठी रंगवायचं पुस्तक करशील का म्हणून विचारलं, तर तिने मोठ्यांसाठी करते असं उलट सुचवलं. २०१३ मध्ये 'सीक्रेट गार्डन' निघालं. काळ्या शाईतली पानं, वेली, फुलपाखरं, एकात एक गुंतलेली. दोन-अडीच वर्षांत त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती गेल्या आणि २०१५ उजाडेपर्यंत पुस्तकांच्या दुकानांत मोठ्यांच्या रंगवह्यांना वेगळं फडताळ मिळालं. आपल्याकडे ही लाट नेहमीप्रमाणे पुतणीच्या हातून आली. तिने माझ्या वाढदिवसाला पुस्तक दिलं आणि वर म्हणाली, "काकू, तुला जरा शांत वाटेल." मी अशांत आहे ही बातमी मला तेव्हा कळली.

साहित्य

पेन्सिली २४ घ्याव्यात. १२ मध्ये हिरवे दोनच असतात आणि पुस्तकात नव्वद टक्के पानं असतात, आणि पानं म्हणजे झाडाची. १२० च्या पेटीचा मोह टाळावा. ती घेतली की पहिले तीन दिवस पेन्सिली लावण्यात जातात, चौथ्या दिवशी पेटी चांगली दिसते म्हणून ती तशीच ठेवावीशी वाटते आणि पाचव्या दिवशी पाहुण्यांची मुलं येतात.

'आपल्या वेळी हे असलं काही नव्हतं' असं म्हणणाऱ्यांना आठवण करून द्यावी की दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये गिरगावात शाईच्या भुकटीपासून जो कॅमलिनचा उद्योग सुरू केला, त्याच्या रंगांनी आपल्या तीन पिढ्यांचे शर्ट खराब केलेले आहेत. रंग घरात होतेच. ते आठवीनंतर माळ्यावर गेले एवढंच.

आता पेन्सिलीच्या आतलं. त्याला आपण शिसं म्हणतो, पण रंगीत पेन्सिलीत शिसं नसतं. रंगाची पूड, ती बांधायला मेण किंवा तेल, आणि भर घालायला थोडी माती असते. मेणाची पेन्सिल मऊ चालते, पण जमिनीवर पडली की आतल्या आत तिचे तुकडे होतात आणि बाहेरून काही कळत नाही. मग टोक करायला बसलं की गिरमिटातून दर वळणाला एक तुकडा निघतो. माझी मोरपिशी अशी एका बैठकीत अर्ध्यावर आली. तेव्हा पेन्सिली टेबलाच्या कडेला ठेवू नयेत. घरात मांजर असेल तर टेबलच ठेवू नये.

मेणाचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. जाड थर दिला की काही दिवसांनी त्यावर पांढुरकी साय धरते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा ऑगस्ट होता, घरात चपलांपासून लोणच्यापर्यंत सगळ्याला बुरशी आलेली होती, म्हणून मी ते पुस्तक दोन दिवस पंख्याखाली उघडं ठेवलं. ती बुरशी नसते. आतलं मेण वर आलेलं असतं. मऊ सुती कापड हलक्या हाताने फिरवलं की जातं.

कागद हाताला जाड लागायला हवा. झेरॉक्सचा कागद बहुधा ७० किंवा ८० जीएसएमचा असतो. त्यावर पेन्सिल चालते, स्केचपेन नाही. हे मला सांगणारं कुणी नव्हतं. मी एका स्वस्त पुस्तकात घुबडाच्या पंखांना स्केचपेन लावलं, शाई फुटली आणि पलीकडच्या पानावरच्या मोराला विनाकारण हिरवा डोळा आला. पावसाळ्यात कागद सादळलेला असला तर फारच फुटते. स्केचपेनचा हट्टच असेल तर पानामागे एक जाड पुठ्ठा सरकवावा. कॅलेंडरचा मागचा चालतो.

पांढऱ्या पेन्सिलीबद्दल बरेच नवशिके विचारतात की ती पेटीत देतात कशाला. लहानपणी आपल्या सगळ्यांच्या पेटीत ती वर्षाच्या शेवटीही उभीच्या उभी, नवी कोरी असायची. वर्गातला एखादा तिने काळ्या कागदावर नाव लिहून बघायचा, तेवढाच तिचा उपयोग. तिचं पुढे बघू.

रंगांची नावं

पेटीवरची नावं वाचू नयेत. ती इंग्रजी असतात आणि त्यातून काहीही समजत नाही. आपल्याकडे रंगांची खरी नावं साडीच्या दुकानात राहतात. गादीवर बसून दुकानदाराला "आमसुली दाखवा, पण मागच्या खेपेसारखी वांगीकडे झुकणारी नको" असं जी बाई सांगू शकते, तिला रंगसंगतीवरचं पुस्तक वाचायची गरज नाही. डाळिंबी, अंजिरी, मोतिया, लिंबू, पिस्ता, बदामी, श्रीखंडी, चटणी : यादीतलं बहुतेक सगळं खाता येतं. अबोली, गुलबक्षी, केतकी, शेवाळी ही उरलेली परसदारी उगवतात.

आमसुली पेन्सिल मिळत नाही, करावी लागते. मरूनवर गडद जांभळ्याचा पातळ हात, मग पुन्हा मरून, आणि कडेला कणभर काळा. मी तो एका फुलात बरोबर उतरवला तेव्हा इतका आनंद झाला की तासभर तशी साडी आपल्याकडे होती का, हेच आठवत बसले. होती. आत्याच्या लग्नातली, आईची.

पेटीतल्या फिक्या गुलाबीसर पेन्सिलीला आपण शाळेत 'स्किन कलर' म्हणत असू. आमच्या घरात त्या रंगाचं कुणी नव्हतं. तरी आई, बाबा, आजी सगळे त्याच पेन्सिलीने रंगवले जात. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने आपल्या तशाच खडूचं 'फ्लेश' हे नाव १९६२ मध्ये बदलून 'पीच' केलं. आमच्या कंपासपेटीपर्यंत ती सुधारणा पोचली नव्हती. आता घरच्यांसाठी मी तपकिरी, विटकरी आणि थोडा पिवळा वापरते. तसं पुस्तकात माणसं नसतातच, हा मोठाच दिलासा.

घरच्यांचा बंदोबस्त

हा प्रवेशिकेतला सर्वांत अवघड धडा.

मुलगा विचारेल, "हे काय, बालवाडी?" त्याला सांगावं की १९५० च्या दशकात आकड्यांप्रमाणे रंग भरायच्या चित्रांची अमेरिकेला साथ आली होती. आयसेनहॉवर अध्यक्ष असताना त्यांच्या एका सचिवाने सरकारातल्या बड्या मंडळींना असे संच वाटले आणि त्यांनी भरलेली चित्रं व्हाइट हाउसच्या भिंतीवर लावली. एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांचंही चित्र त्यात होतं. एवढं ऐकून मुलगा गप्प बसला नाही तर त्याला टोकं करायला द्यावीत.

मोठ्यांच्या रंगवह्यांचं मूळ मात्र फारसं शांत-बिंत नाही. १९६१ मध्ये तिकडेच साहेबलोकांवर एक रंगवही निघाली होती : सूट घातलेला अधिकारी, त्याचं ऑफिस, त्याचा दिवस, आणि प्रत्येक पानाखाली काय कुठल्या रंगात रंगवायचं याची सूचना. रंगवण्यासाठी ती नव्हतीच; नोकरदारांच्या बेरंग आयुष्याची ती टिंगल होती. तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला त्या अधिकाऱ्याचा रंग न सांगता कळतो.

खरी परीक्षा आईची. ती ८१ वर्षांची आहे आणि तिच्यापुढे व्हाइट हाउस चालत नाही. रविवारी ती समोर येऊन बसली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पान उलटसुलट करून बघितलं.

"बाहेरच्या रेघा कुणी काढल्या?"

"एका स्कॉटिश बाईने."

"मग तू काय केलंस?"

"रंग भरले."

"हं," ती म्हणाली. मराठीत या हुंकाराला उत्तर नाही. पण मला एकदम दिवाळी आठवली.

"तू दारात गालिचा काढतेस त्याचे ठिपके कुणाचे गं? बाजारातून ते ठिपक्यांचं पुस्तक आणायचीस ना? पंधरा ते आठ, नाहीतर एकवीस ते एक. तुझं काय होतं त्यात?"

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "रंग भरून झाल्यावर पांढरी रेघ पुन्हा ओढायची असते वरनं. ती माझी असायची." आणि जरा थांबून, "शिवाय रांगोळी दारात असते. येणारा-जाणारा बघतो. हे कोण बघणार?"

"कोणी नाही."

हे उत्तर नवशिक्यांनी पाठ करावं. रंगवलेल्या पानाचा फोटो काढू नये, काढलाच तर ग्रुपवर टाकू नये. टाकला की आधी अंगठे येतात, मग फुलं येतात, मग मावसबहीण विचारते, "ऑर्डरी घेतेस का?" आपल्या लोकांना कुणाचा छंद नुसता पडलेला बघवत नाही. चकली चांगली झाली की विकायला सुरुवात कर, आवाज बरा असला की क्लास काढ. मी एकदाच फोटो टाकला, तर सोसायटीतल्या एका काकांनी मला गणपतीतल्या रंगभरण स्पर्धेचं परीक्षक केलं. पाच ते आठ वयोगट. ४० मुलं होती आणि मी सगळ्यांना पहिला नंबर देऊन आले. पुढच्या वर्षी बोलावलं नाही.

प्रत्यक्ष कृती

एक पान घ्यावं. झाडाचं.

मी सांगते ते बदामाच्या पानाएवढं आहे, छापलेलं, मधली शीर आणि दोन्हीकडे सात-सात उपशिरा. रात्रीचे साडेनऊ. भांडी झालेली आहेत, उद्याची मटकी भिजत घातली आहे, जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं आहे. ओल्या टेबलावर पुस्तक ठेवू नये; मुखपृष्ठ जातं.

आधी सगळ्यात फिका हिरवा, पोपटीच्याही अलीकडचा. पेन्सिल टोकाजवळ न धरता जरा मागे धरावी, म्हणजे हात आपोआप हलका पडतो. आपल्याला लहानपणापासून सवय दाबून भरायची; बाई म्हणायच्या, मध्ये पांढरं दिसता कामा नये. इथे पहिल्या हातात पांढरं दिसलंच पाहिजे. कागदाला बारीक दाणा असतो, रंग त्याच्या टेकाडांवर बसतो, खळगे मोकळे राहतात, आणि पुढचा रंग बसायला ते खळगे लागतात. पहिल्याच हाताला दाबलं की मेण सगळं बुजवून टाकतं आणि दुसरा रंग वरून नुसता घसरतो. हातांची दिशा एकच ठेवावी, मधल्या शिरेकडून काठाकडे.

दुसरा हात पोपटी. आता काठाकडून आत यायचं, पण शिरेपर्यंत नाही, अर्ध्यावर थांबायचं. तिसरा गडद हिरवा, फक्त शिरांच्या एका बाजूला, जिथे सावली पडेल तिथे. सावली कुठल्या बाजूला हे एकदा ठरवावं आणि पानभर तेच ठेवावं. मी दर पानाला वेगवेगळी ठेवते, त्यामुळे माझ्या बागेत पाच सूर्य आहेत. सवय कुठे जाते?

सावलीत काळा घालायचा मोह होतो. घालू नये, मळकट दिसतं. त्याऐवजी गडद निळा, नाहीतर चक्क लाल अगदी पुसट फिरवून बघावा. हिरव्याखाली लाल गेला की हिरवा खोल होतो. हे कुणी सांगितलं तर मी विश्वास ठेवला नसता, पण चुकून पेन्सिल बदलली गेली आणि कळलं.

एवढं झालं की पानावर हिरव्याचे ओरखडे दिसत असतात, गवतासारखे. आता पेटीतली पांढरी पेन्सिल काढायची. हो, तीच. तिने सबंध पानावरून, फिक्या भागाकडून गडदाकडे, या वेळी मात्र चांगलं दाबून घासायचं. खाली बसलेलं मेण हलतं, तिन्ही हिरवे एकमेकांत शिरतात, खळगे भरतात आणि पान एकदम गुळगुळीत, ओलसर दिसायला लागतं, कुणीतरी तेलाचं बोट फिरवल्यासारखं. रंग जरा फिका पडतो. तो शेवटी पुन्हा एकदा गडद करून घ्यावा. पांढऱ्याचं टोक दर दोन पानांनी फडक्यावर पुसावं, नाहीतर पुढच्या फुलात हिरवं उतरतं.

घड्याळ बघावं. दहा वाजून पाच झालेले असतात. एक पान झालं.

चुका

रेघेबाहेर गेल्यास काही होत नाही. खोडरबराने रंगीत पेन्सिल पूर्ण जात नाही, कागद मात्र खरवडतो. शेजारच्या भागाचा रंग थोडा गडद करावा, विषय संपतो. हात थरथरत असेल तर करंगळी कागदावर टेकवावी. एवढंच.

फायदे

लोक हे आधी विचारतात, म्हणून शेवटी ठेवलं.

गोल नक्षीला मंडल म्हणतात आणि ती रंगवणाऱ्याला कुणीतरी युंगचं नाव सांगतंच. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला कार्ल युंग रोज वहीत एक छोटं मंडल काढायचा आणि त्यात स्वतःच्या मनाची त्या दिवसाची हालहवाल बघायचा, हे खरं आहे. पण तो ते स्वतः काढायचा. त्याला सी ग्रेडवाल्यांत धरता येणार नाही.

आपल्या कामाचा प्रयोग २००५ मधला आहे. करी आणि कॅसर या अमेरिकन संशोधकांनी ८४ विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम बेचैन केलं, मग त्यांचे तीन गट केले. एकाला रंगवायला मंडल दिलं, एकाला चौकड्यांची नक्षी, आणि एकाला कोरा कागद, हवं ते काढा म्हणून. मंडलवाले आणि चौकडेवाले दोघेही बऱ्यापैकी निवळले. कोऱ्या कागदाचा तसा काही उपयोग झाला नाही. पुढे २०१२ मध्ये झालेल्या तशाच अभ्यासात मंडल चौकड्यांच्या पुढे गेलं, पण माझ्यापुरता निकाल पहिल्या प्रयोगात लागला. स्मरणचित्राच्या पेपरला मला नेमकं काय झालं होतं, ते कुणीतरी मोजून ठेवलं. चौकड्यांनाही गुण मिळाले याचा वेगळा आनंद. याचा अर्थ बाजारातल्या महागड्या मंडलांच्या पुस्तकाऐवजी लुंगीवरचे चौकडे रंगवले तरी निम्मं काम होतं.

२०१७ मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या अभ्यासात एका गटाने आठवडाभर रोज थोडा वेळ रंग भरले, दुसऱ्याने सुडोकूसारखी कोडी सोडवली. रंग भरणाऱ्यांची काळजी आणि उदासी थोडी उतरली. रोज सकाळी पेपरातलं सुडोकू संपवून विजयी मुद्रेने चहा मागणाऱ्या आमच्या यजमानांना मी हे वाचून दाखवलं. त्यांनी पान उलटलं.

हे औषध आहे असं मात्र कुणाला सांगू नये. अमेरिकेतल्या कलोपचार करणाऱ्यांच्या संघटनेनेच स्पष्ट केलेलं आहे की नुसतं पुस्तक रंगवणं म्हणजे कलोपचार नव्हे. त्याला शिकलेला माणूस समोर लागतो. ज्याला खरोखर झोप लागत नाही, ज्याचं मन महिनोन्महिने उतरलेलं आहे, त्याच्या हातात पेन्सिली देऊन मोकळं होऊ नये. डॉक्टरकडे न्यावं. आणि ही कला आहे असंही मी म्हणणार नाही. कुणी म्हणालं तर ए ग्रेडवाले मागच्या बाकावरून हसतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

मला काय मिळतं ते सांगते. दिवसभर जे ठरवायचं असतं त्याचे परिणाम होतात : कुणाचं कर्ज, कुणाची तारीख, आईची गोळी सकाळची की रात्रीची. रात्री साडेनऊला मी ठरवते की हे फूल केतकी करायचं की अबोली, आणि कुठलंही केलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. माझं पुस्तक ९० पानांचं आहे. दोन वर्षांत ३१ झाली. त्यातली चार आईने केली, मी ऑफिसात असताना, न विचारता. चारही पानांवर रंग भरून झाल्यावर काळ्या स्केचपेनने तिने पुन्हा रेघ ओढलेली आहे.

पेटीही जुनी झाली. मोरपिशी संपली, पोपटी बोटभर उरली आहे, काळीला फारसा हात लागलेला नाही. पांढरी सगळ्यांत बुटकी आहे, म्हणून परवा कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे सुटी मागितली, तर तो म्हणाला, "पांढरी? ती कोणी मागत नाही हो," आणि आतून अर्धा डझन धूळ खात पडलेल्या काढून दिल्या.